राजीखुशीचं पत्र

ग्लोरिया आंटी माझ्या रांगेत पाचवी होती. पहिल्या चौघांना मी दिलं. "बॉडी ऑफ ख्राइस्ट." "आमेन." पुढचा. "बॉडी ऑफ ख्राइस्ट." "आमेन." पुढचा. मग ती समोर आली. तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं, मग हाताकडं. माझ्या दोन बोटांत पवित्र भाकरीची ती पांढरी चकती. येशूचं शरीर. आंटीनं जोडलेले हात तसेच ठेवले, एक पाऊल डावीकडं टाकलं आणि फादरांच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

एवढंच. कुणी ओरडलं नाही. कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं, शिवीला उत्तर देता येतं. तिच्यामागचा तिचा नवरा सरकला. त्यांच्या दोन पोरी सरकल्या. मग त्यांच्यामागचे लोक, आपण का सरकतोय हे माहीत असलेले आणि माहीत नसलेले, सगळे सरकले. बघता बघता फादरांपुढं मारुतीच्या शेपटाएवढी रांग झाली आणि माझ्यापुढं नुसती फरशी राहिली.

माझा हात वरच होता. खाली तरी कसा घ्यावा? हातात देव आहे.  फादरांनी एकदा माझ्याकडं पाहिलं आणि परत आपल्या कामाला लागले.

मग मागच्या भिंतीकडून, लोक चपला काढतात तिथून, एक बाई उठून आली. डोक्यावर पदर. पायात काही नाही. ती माझी माय. ती नेहमी सगळ्यांच्या शेवटी यायची.

"ख्रिस्ताचं शरीर," मी म्हटलं. मिस्सा, म्हणजे आमची रविवारची उपासना, इंग्रजीत चालली होती, पण माझ्या तोंडून मराठीच आलं.

"आमेन," माय म्हणाली. मोठ्यानं. दोन-चार माना वळल्या.

नंतर जिन्यात ती मला हळूच म्हणाली, "आज तुही रांग लवकर सरली रं. हात बसला तुहा." तिला काहीच कळलं नव्हतं. मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

चूक माझीच होती, आधीच्या रविवारची. तिला चूक म्हणायचं का ते तुम्ही ठरवा.

मी तेव्हा सेमिनरीत होतो, अजून फादर नाही, नुसता ब्रदर. फादर व्हायचं शिक्षण जिथं घेतात ती सेमिनरी, कॉलेज आणि वसतिगृह एकातच. आमची मुठा खोऱ्यात होती. चहूबाजूंनी भातखाचरं आणि पुण्याच्या लोकांचे शनिवार-रविवारचे बंगले. दर रविवारी रेक्टर फादर, म्हणजे सेमिनरीचे प्रमुख, जीप काढून चांदे गावाला जायचे आणि मला सोबत न्यायचे. चांद्यात चर्च नाही. हिंजवडीच्या कंपन्यांत काम करणारी कॅथलिक कुटुंबं तिथल्या सोसायट्यांत राहतात, त्यांच्यासाठी नानांच्या इमारतीतला वरचा हॉल भाड्यानं घेतलेला होता. नाना तिथले जुने शेतकरी. काही जमीन विकली, उरलेल्या जागेवर ही इमारत आणि मागं खोल्यांची चाळ बांधली. खाली हार्डवेअरचं दुकान, वर येशू.

आणि मागच्या चाळीत, शेवटच्या खोलीत, माझे मायबाप.

बाप जालन्यात बियाण्यांच्या गोदामात हमाल होता. पाठ गेली. कुणीतरी सांगितलं, पुण्याकडं सिक्युरिटीत माणसं लागतात, नुसतं उभं राहायचं. नुसतं उभं राहायला तो एवढ्या लांब आला. आणि मुद्दाम चांद्यालाच आला, कारण रविवारी लेक दिसतो. त्याला ग्लोरिया आंटीच्या सोसायटीत वॉचमनची ड्युटी मिळाली. माय त्याच सोसायटीत तीन घरची भांडी घासायला लागली.

आणि लेक काय करायचा? लेक ओळख दाखवायचा नाही.

हॉलमधल्या लोकांना वाटायचं मी वसईचा. बाप्तिस्म्याची नावं सगळ्यांची सारखीच असतात, आडनाव कुणी विचारलं नव्हतं, आणि माझं इंग्रजी सेमिनरीनं घासूनपुसून दिलेलं. एकदा ग्लोरिया आंटीनं विचारलं, "ब्रदर, यू आर फ्रॉम वसई, नो?" मी हसलो. नुसता हसलो. हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. त्या एका हसण्यावर मी आठ महिने काढले. आठ महिने माझी माय चपलांपाशी बसायची आणि मी तिला इतर बायांसारखं "गुड मॉर्निंग" म्हणायचो. स्वतःच्या मायला गुड मॉर्निंग! ती बिचारी "मॉर्निंग, ब्रदर" म्हणायची. तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिचं ती समजली होती.

पेत्र या शिष्यानं येशूला तीनदा ओळख नाकारली, तर दोन हजार वर्षं त्याच्यावर प्रवचनं चालली आहेत. माझ्यावर कुणी प्रवचन केलं नाही. माझी मलाच लाज वाटायची, आणि तरी पुढच्या रविवारी मी पुन्हा गुड मॉर्निंग म्हणायचो.

मग तो रविवार. मिस्सा झाली की हॉलमध्ये चहा असतो. बाप ड्युटीवर जायच्या आधी मिस्सेला आला होता, म्हणून अंगात युनिफॉर्म. त्यानं भीत भीत टेबलावरचा एक कप उचलला. ग्लोरिया आंटीच्या नवऱ्यानं पाहिलं आणि म्हणाला, "वॉचमन, नीचे जाओ. गाडी के पास खडे रहो."

"जी साब," म्हणून बापानं कप खाली ठेवला. एक घोटही घेतला नव्हता. जिन्याकडं निघाला. आणि मला आवरलं नाही.

"ते मिस्सेला आलेत. ड्युटीवर नाहीत," मी म्हणालो. "ते माझे वडील आहेत. आणि तिकडं बसलीय ती माझी आई."

 बाप जिन्याच्या तोंडाशी थांबला. त्याचं तोंड असं झालं होतं की जणू मीच चोरी करताना सापडलोय आणि आता मला कुठं लपवावं हे त्याला कळत नाही.

"ओह," आंटी म्हणाली. "ओह, हाऊ नाइस." मग तिनं बापाला गाव विचारलं. मग आडनाव. बापानं दोन्ही सांगितलं, खणखणीत. आणि पुढच्या रविवारी ती माझ्या रांगेत पाचवी होती.

रांग सरकली त्या दिवशी रेक्टर फादर आणि मी जीपनं परतत होतो. लवळे गेलं. पिरंगुटच्या चौकात गाड्या तुंबल्या तेव्हा म्हणाले, "नेक्स्ट संडे तू कीबोर्डपाशी बस. कम्युनियन मी एकटा देईन."

"का, फादर?"

"लोकांना सवय व्हायला वेळ लागतो."

"कशाची सवय?"

फादरांनी हॉर्न वाजवला.

आता मी कोण ते सांगतो. जालना जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या मांगवाड्यातला मी. माझ्या आजानं बाप्तिस्मा घेतला. का घेतला? आजा म्हणायचा, गोरा फादर आमच्या घरात येऊन खाली बसला आणि भाकर खाल्ली. बस. त्याला पिता-पुत्र-पवित्र आत्मा, त्रैक्य-बिक्य काही कळलं नव्हतं. कुणीतरी घरात आलं, बसलं, जेवलं. त्याच्या आधी असं कुणी केलं नव्हतं. गावाला काय फरक पडला? काही नाही. गाव म्हणायचं, किरिस्ताव झाले तरी मांगच.

मी नऊ वर्षांचा असताना आमचे फादर पाटलाच्या ओसरीवर खुर्चीत बसलेले मी पाहिले. आपल्याकडचेच फादर, काळेसावळे. पाटलीणबाईनं त्यांना कपबशीत चहा दिला. माझा आजा खाली अंगणात उभा होता, मी त्याचं बोट धरून. घरी येऊन मी सांगितलं, मला फादर व्हायचंय. माय आनंदानं रडली. सगळ्या वाड्याला सांगत सुटली, लेकराला देवानं बोलावलं. आमच्यात त्याला पाचारण म्हणतात. देव एखाद्याला फादर होण्यासाठी हाक मारतो, ते पाचारण.

मला पुढं वर्षानुवर्षं हाच प्रश्न खात राहिला. मला देवानं बोलावलं होतं, का त्या खुर्चीनं? सेमिनरीत दर महिन्याला आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शकापुढं बसून मन उघडं करायचं असतं. मी सगळं सांगायचो, फक्त खुर्चीचं सांगायचो नाही. सांगितलं तर काढतील म्हणून.

सेमिनरीत मी परकाच. आपल्याच राज्यात परका, ही आणखी एक गंमत. पोरं देशभरातून आलेली. जेवताना इंग्रजी, प्रार्थनेत इंग्रजी, भांडणातही इंग्रजी. कुणाच्या घराण्यात बिशप झालेले, कुणाचे तीन काका फादर. माझ्या घराण्यात मी पहिला दहावी पास. चांद्यात नाना विचारायचे, "तुमी मंजी हितलं न्हाई, व्हय ना?" आणि सेमिनरीत पोरं विचारायची, "यू आर लोकल, नो?" दोन्हीकडं मी मान हलवायचो.

वार्षिक सणाला पाहुणे यायचे. तेव्हा एक 'महाराष्ट्र आयटम' ठरलेला असायचा आणि त्यात हलगी वाजवायला मी ठरलेला. कुणी विचारलंही नव्हतं मला वाजवता येते का. येत होती, ती गोष्ट वेगळी. "अवर ब्रदर हॅज इट इन हिज ब्लड," रेक्टर फादर पाहुण्यांना सांगायचे. लोक टाळ्या वाजवायचे. मीही वाकून नमस्कार करायचो. सहा वर्षं केला! आज आठवलं की हाताला खाज सुटते.

तिथं माझं एकच आपलं माणूस होतं, याकोब. माझ्याहून तीन वर्षं पुढं, शेजारच्या गावचा, आमच्याच वाड्यासारख्या वाड्यातला. पहिल्या वर्षी काटाचमचा कसा धरायचा त्यानं शिकवलं. मराठी गीतांची अख्खी वही स्वतःच्या हातानं लिहून दिली. फादर व्हायच्या आधी डिकन होतात, तो डिकन व्हायला एक वर्ष राहिलं आणि याकोब एका सकाळी सामान घेऊन निघून गेला. रेक्टर फादरांनी नाश्त्याच्या वेळी जाहीर केलं, "ब्रदर याकोब हॅज डिसर्न्ड दॅट ही इज नॉट कॉल्ड. लेट अस प्रे फॉर हिम." आम्ही प्रार्थना केली. मला याकोबचा इतका राग आला की त्याचे फोन आले तरी मी उचलले नाहीत. म्हटलं, पळपुटा लेकाचा. आमच्या लोकांची मान खाली घातली यानं.

सेमिनरीतून कुणी कुणाला काढत नाही. हे तिथलं वैशिष्ट्य. सगळे स्वतःहून जातात.

खुर्चीचा प्रश्न मात्र एकदा सुटल्यासारखा वाटला होता. रांगेच्या प्रकाराआधी वर्षभर. मिस्सा संपली होती, फादर कुणाकडं तरी जेवायला गेले होते, मी हॉल आवरत होतो. झारखंडची एक बाई धावत आली. शेजारच्या नांदे गावातल्या बांधकामावरची मजूर. तिचा नवरा पत्र्याच्या खोलीत तापानं फणफणत होता, तोंडातून शब्द नीट येत नव्हता. ॲम्ब्युलन्सला फोन झाला होता, ती येत होती. मी तसाच बाईबरोबर गेलो. तो माणूस कॅथलिक. त्यानं माझा पांढरा झगा पाहिला आणि माझं मनगट धरलं. "फादर, पाप कबूल करना है." मी म्हणालो, "मी फादर नाही, भाऊ. मला ऐकायचा अधिकार नाही." त्याला कळलं नाही. तो बोलतच राहिला. मी जमिनीवर बसलो, त्याचा हात धरला आणि हिंदीत 'हे हमारे पिता' ही प्रार्थना म्हणत राहिलो. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत. तो दवाखान्यात गेला आणि तिथंच वारला.

त्या पत्र्याच्या खोलीत खुर्ची नव्हती. कपबशी नव्हती. पाटील नव्हता. आणि तरी मला आयुष्यात कधी नव्हतं एवढं फादर व्हावंसं वाटलं. पुन्हा कुणी असा हात धरला तर "मी फादर नाही" म्हणायची पाळी येऊ नये, एवढंच मागितलं मी देवाकडं. म्हटलं, हेच पाचारण असेल. दुसरं काय असतं?

म्हणून जेव्हा रांगेच्या प्रकारानंतर पंधरा दिवसांनी रेक्टर फादरांनी ऑफिसात बोलावलं, तेव्हा मी छातीवर क्रूसाची खूण करून आत गेलो. पुढच्या वर्षी मी डिकन होणार होतो. फादर होण्याआधीची शेवटची पायरी. त्यासाठी बिशपांकडं रेक्टरची शिफारस जावी लागते. बारा वर्षं त्या एका कागदासाठी काढलेली.

"बस, ब्रदर." फादरांचा आवाज नेहमी मऊ. "एक सांग. हे खरंच तुझं पाचारण आहे का, असं तू प्रार्थनेत देवाला विचारलंस?"

"हो, फादर."

"आम्हा सगळ्या स्टाफला थोडी शंका वाटते. फादर हा लोकांसाठी असतो. लोकांनी त्याला स्वीकारायला हवं."

"कुठल्या लोकांनी, फादर?"

ते उठले, कपाटातून एक फाईल काढली. बोटभर जाड. त्यातला एक कागद माझ्यापुढं ठेवला. "हे बघ. असं लिहून दे. म्हणजे तुलाही त्रास नाही, आम्हालाही नाही. आपल्या शाळेच्या ऑफिसात एक जागा आहे, मी शब्द टाकीन."

मी वाचलं. 'मी माझ्या राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय कळवतो की, दीर्घ प्रार्थनेनंतर मला असे जाणवले आहे की प्रभूने मला धर्मगुरुपदासाठी बोलावलेले नाही.'

खालचं नाव घडी घालून झाकलं होतं. पण अक्षर कसं झाकणार? ते याकोबचं अक्षर होतं. त्यानं लिहून दिलेली वही मी रोज उघडायचो. त्याचा 'श' हजार माणसांत ओळखीन मी.

 ज्याला मी पळपुटा म्हटलं तो पळाला नव्हता. त्यालाही याच खुर्चीवर बसवलं होतं, याच मऊ आवाजात विचारलं होतं. आणि त्याच्या आधी कुणाचा तरी कागद त्याच्यापुढं नमुना म्हणून ठेवला असणार. मी फाईलकडं पाहिलं. ती सगळी पत्रं कुणाची? फादर व्हायला आलेल्या कुठल्या कुठल्या वाड्यांतल्या पोरांची? सगळ्यांनी राजीखुशीनं लिहिलंय, देवानं आम्हाला बोलावलं नाही. आणि देवाला कुणी विचारलंय?

"घरी जा," फादर म्हणाले. "आईवडिलांशी बोल. गुरुवारी पत्र घेऊन ये."

मी चाळीतल्या खोलीवर गेलो. मायला आणि बापाला सगळं सांगितलं, रांगेचंही. मायचा हात पिठात होता तो तसाच राहिला. मग म्हणाली, "मंग लिहून दे ना बाबा. आपुन काय त्यायच्याशी भांडणार हाव का? नोकरी देतो म्हणतेत तर घे."

"माय, मी फादर होऊ नये असं वाटतं तुला?"

"मह्या वाटण्यानं काय व्हतंय रं?"

बाप भिंतीला टेकून बसला होता. तो म्हणाला, "मी मही ड्युटी बदलून घेतो. लांब कुटं तरी टाकून घेतो. आमी ही खोली बी सोडतो. मंग तर चालन ना त्यायला? तू म्हण, मायबाप मेले महे."

हे तो रागानं बोलला असता तर मी सहन केलं असतं. तो विचार करून बोलत होता. त्यानं खरंच उपाय काढला होता. मी ओरडलो त्याच्यावर. आयुष्यात पहिल्यांदा बापावर ओरडलो. "मरायला काय झालंय तुम्हाला? मरायचं तर त्यांनी मरावं लाजेनं!"

आवाज ऐकून नाना दारात आले. पाण्याची मोटर बघायला आले होते. नाना वाईट माणूस नाही. खोली देतानाच त्यांनी मायला सांगितलं होतं, "ऱ्हावा खुशाल, पर आमच्या वट्यावर न्हाई यायचं." कुठं उभं राहायचं ते आम्हाला पहिल्याच दिवशी कळलं. हॉलमध्ये ते कळायला आठ महिने लागले.

"काय झालं वो ब्रदर? आज मदीच कसं काय हितं?"

बापानं सांगून टाकलं. सगळं. नाना ऐकत राहिले आणि मग त्यांना हसू आलं. कुत्सित नव्हतं ते, मोकळं हसू.

"मंजी तुमच्यातबी हाय म्हणा की हे! आँ? मला वाटलं, तुमच्यात समदी येक. मंग आमालाच कशापायी नावं ठेवत्यात लोक?" असं म्हणून ते मोटरकडं गेले. जाताना पाठ हलकी झालेल्या माणसासारखे चालत होते.

माझ्या आजानं देव बदलला तो नानांसारख्यांच्या ओट्यापासून सुटायला. तीन पिढ्यांनी फिरून फिरून आम्ही त्याच ओट्याखाली आलो होतो, आणि आता नानांना आमच्यामुळं बरं वाटत होतं. त्या क्षणी मला कळलं की मी पत्र लिहिणार नाही. धीर आला म्हणून नाही. धीर-बीर काही नव्हता. सगळं संपलंय हे स्वच्छ दिसत होतं. पण संपवायचं काम माझ्याच हातानं करून घ्यायचं, आणि वर त्याला देवाचं नाव द्यायचं? हे नाही. हे होणार नाही.

गुरुवारी मी रेक्टर फादरांच्या टेबलावर कागद ठेवला. त्यांनी उलटापालटा करून पाहिला.

"हा कोरा आहे."

"तुमच्यासाठी आणलाय, फादर. तुम्ही लिहा."

"मी काय लिहू?"

"मला का काढताय ते."

"आम्ही कुणाला काढत नाही, ब्रदर."

"मग मी राहतो."

फादरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तुझ्यात अहंकार आलाय. नम्रता ही पाचारणाची पहिली खूण असते."

"नम्रता आमच्याकडं वडिलोपार्जित आहे, फादर. येताना तीच घेऊन आलो होतो. ती तुम्ही वापरून संपवली."

  बाहेर येऊन मी संडासात जाऊन ओकलो. शूरपणाच्या गोष्टी सांगतात त्यात हे सांगत नाहीत, म्हणून सांगतो.

त्यांनी मला काढलं नाही. ठेवलंही नाही. तोंडी सांगितलं, घरी राहून प्रार्थना कर, पुढचं कळवू. कागद काही दिला नाही. माझी तत्त्वज्ञानाची पदवी, गुणपत्रिका, सगळं त्यांच्या कपाटात आहे. पत्र आण आणि घेऊन जा, म्हणतात. बिशपांना मी तीन पत्रं पाठवली. उत्तर नाही. नांद्याच्या रस्त्यावर एका गोदामात मी पार्सलांवरचे कोड स्कॅन करतो. मायची तीनपैकी दोन घरं सुटली. कुणी भांडलं नाही, "आता नको" एवढंच म्हणाले. बापाला बावधनला टाकलं, दोन बस बदलून जातो. पाठ पुन्हा धरलीय.  

याकोबला मी फोन केला. पहिल्या वाक्यातच माफी मागितली. तो म्हणाला, "मला वाटायचं, मला एकट्यालाच लिहायला लावलं." मी म्हटलं, आता खरं काय ते लिहून दे, आपण दोघं मिळून बिशपांकडं जाऊ. फाईलीतले बाकीचे शोधू. तो म्हणाला, "नको रं. मी त्यायच्याच शाळंत क्लार्क हाय. मह्या भाचीची फी माफ हाय तिथं." आणि मग म्हणाला, "तू बी लिहून मोकळा हो." मी त्याच्यावर रागावलो नाही. एकदा रागावून बघितलंय.

म्हणजे मी एकटाच. माझ्यामागं कुणी नाही, पुढं काही नाही. मी फादर होणार नाही, हे मला पक्कं माहीत आहे. पाचारण आहे का, ते मात्र माहीत नाही. काही दिवस वाटतं, आहे. बरेच दिवस काहीच वाटत नाही. प्रार्थनेला बसतो, देव गप्प, मीही गप्प. पण 'देवानं मला बोलावलं नाही' हे वाक्य माझ्या अक्षरात या जगात कुठं सापडणार नाही. म्हातारा झालो, गोदामात पार्सलं उचलता उचलता माझीही पाठ गेली, तरी सापडणार नाही. देवाला म्हणायचं असेल तर देवानं मला म्हणावं. यांना म्हणायचं असेल तर यांनी लिहावं, कारण लिहावं, कारणात माझी जात लिहावी, आणि खाली स्वतःची सही करावी.

परवा सेमिनरीतून पुन्हा फोन आला. मऊ आवाज.

"ब्रदर, पत्राचं काय झालं?"

"मी तेच विचारणार होतो, फादर," मी म्हणालो. "कधी लिहिताय?"